गळू फोडल्यानंतर जखमेत काय भरतात? साध्या गॉजपासून चांदीच्या पट्टीपर्यंत

उन्हाळ्याचा घाम आणि पावसाळ्याची ओल, या दोन्ही दिवसांत आपल्या वस्त्यांमध्ये करट, केसतूड, काखमांजरी यांचा त्रास घरोघरी दिसतो. कळवा, मुंब्रा, वागळे इस्टेटपासून कल्याण पूर्व आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीलगतच्या वस्त्यांपर्यंत आम्ही जिथे आरोग्याच्या कामासाठी बसतो, तिथे एक तरी माणूस मांडीवरचे किंवा काखेतले गळू दाखवतो. बहुतेकांना चिऱ्याची भीती असते. पण चिरा एकदाच होतो. ज्यांनी तो घेतला आहे ते सांगतात की खरा जीव जातो तो दुसऱ्या दिवशी, ड्रेसिंगच्या वेळी, आत भरलेली पट्टी ओढून काढताना.

या दुखण्याला घाबरून माणसे दुसऱ्या ड्रेसिंगला जातच नाहीत. काहींचा रोज बुडतो म्हणून ते जात नाहीत. मग आतली पट्टी तशीच राहते, तिला वास येतो, किंवा जखम वरून मिटते आणि आत पुन्हा पू साठतो. पंधरा दिवसांनी त्याच जागी दुसरा चिरा पडतो.

म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे. जखमेत काय काय भरतात, प्रत्येक वस्तूचे काम काय, कोणती महाग आणि कोणती स्वस्त, आणि काहीच न भरता चालते का, हे समजून घेऊ. हे कळले की डॉक्टरांना नेमके काय विचारायचे तेही कळते.

आत पट्टी भरतात कशासाठी?

गळू म्हणजे कातडीखाली पुवाने भरलेली पोकळी. शरीर त्या पुवाभोवती एक भिंत उभी करते. म्हणून पिकलेल्या गळवात गोळ्या-कॅप्सूलचे औषध नीट पोहोचत नाही. पू बाहेर काढणे हाच त्यावरचा मुख्य उपाय. डॉक्टर जागा बधिर करून चिरा देतात, पू काढतात, आतले पडदे मोडून सगळा पू एका वाटेने बाहेर येईल असे पाहतात आणि पोकळी धुतात.

आता एक घडा डोळ्यांसमोर आणा. तोंड लहान, पोट मोठे. जखमेचे तोंड लवकर मिटले आणि पोट भरायचे राहिले, तर आत पुन्हा पाणी साठते, त्याचा पू होतो. जखम तळापासून वर भरत आली पाहिजे आणि तोंड शेवटी मिटले पाहिजे. पॅकिंगचा विचार यातून आला.

पट्टीची कामे तीन. तोंड उघडे ठेवणे, आतला पू शोषून बाहेर आणणे, आणि पहिल्या दिवशी रक्त वाहत असेल तर ते थांबवणे. यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. जखम भरण्याचे काम शरीर करते. पट्टी फक्त वाट मोकळी ठेवते.

यातून एक गोष्ट निघते. पट्टी सैल भरायची असते. रक्त थांबवण्यासाठी पहिल्या दिवशी थोडी दाबून भरावी लागते, ते वेगळे. त्यानंतर ती गच्च ठासली तर पू बाहेर येण्याऐवजी मागे अडतो, कोवळ्या मांसावर दाब येतो आणि रुग्णाला रात्रभर ठणका लागतो. "जितके जास्त भरले तितके चांगले" हा समज चुकीचा आहे.

साधे गॉज

आपल्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत सर्वांत जास्त वापरली जाते ती सुती गॉजची लांब पट्टी किंवा रोलर गॉज. निर्जंतुक केलेली पट्टी सलाइनमध्ये भिजवून, पिळून, अलगद आत सोडतात. किंमत काही रुपये, आणि ती कुठेही मिळते.

तिचा दोष एकच, पण मोठा. गॉज वाळते. वाळले की त्याचे धागे जखमेच्या भिंतीला चिकटतात. दुसऱ्या दिवशी ते ओढले की आत तयार होऊ लागलेले लाल कोवळे मांसही सोलून निघते, रक्त येते आणि माणूस ओरडतो. "दुखल्याशिवाय जखम साफ होत नाही" असे पूर्वी सांगत. कोवळे मांस फाटणे म्हणजे भरत आलेली जखम मागे जाणे. पट्टी काढण्याआधी तिच्यावर भरपूर सलाइन ओतून पाच-दहा मिनिटे थांबले, तर हा त्रास बराच कमी होतो. ड्रेसिंगला गेल्यावर "सिस्टर, आधी भिजवा" एवढे म्हणायला काहीच हरकत नाही. गर्दीच्या ओपीडीत हे राहून जाते, म्हणून आठवण करून द्यावी.

गॉज भरताना दुसरे पथ्य असे की शक्यतो एकच सलग पट्टी असावी आणि तिचे टोक जखमेच्या बाहेर राहावे. सुट्या तुकड्यांतला एखादा आत राहून जाऊ शकतो आणि ती जखम महिनोन् महिने वाहत राहते.

बीटाडीनची पट्टी

पोव्हिडोन आयोडीन म्हणजे आपल्या ओळखीचे तपकिरी बीटाडीन. त्यात भिजवलेले गॉज सर्रास भरतात. बीटाडीन जंतू मारते, पण पू आणि रक्तात मिसळले की त्याचा जोर लवकर कमी होतो. सुरुवातीच्या एक-दोन ड्रेसिंगला, घाण जखमेत, त्याचा उपयोग आहे. जखम लाल आणि स्वच्छ दिसू लागल्यावर रोज बीटाडीन ओतत राहण्याची गरज नसते, सलाइन पुरते. थायरॉइडचा आजार, गरोदरपण, तान्हे मूल किंवा आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगावे. मोठ्या पोकळीतून आयोडीन रक्तात शोषले जाते.

आयोडोफॉर्म गॉज

ही पिवळी पट्टी, उग्र वासाची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शस्त्रक्रियेत आहे. आज दाताच्या आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जास्त दिसते, गळवातही भरतात. तिच्यातून आयोडीन सावकाश सुटते. पण तीही शेवटी गॉजच आहे, त्यामुळे वाळल्यावर चिकटते आणि काढताना दुखते. साध्या गॉजपेक्षा महाग. साध्या गळवात तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावेत असा तिचा मोठा फायदा दिसत नाही.

युसॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड

युसॉल हे नाव जुन्या रुग्णांना पाठ असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, एडिनबरा विद्यापीठात हे क्लोरीनचे द्रावण तयार झाले. नावही त्या विद्यापीठाच्या आद्याक्षरांवरून पडले. सडलेले मांस सुटे करायला ते उपयोगी पडते आणि अत्यंत स्वस्त आहे, म्हणून आपल्याकडच्या ड्रेसिंग रूममध्ये ते टिकून राहिले. पण ते नव्या कोवळ्या मांसालाही इजा करते, झोंबते, आणि बाटली जुनी झाली की त्यातला क्लोरीन उडून जातो. ब्रिटनमध्ये गेल्या शतकाच्या अखेरीस त्याचा वापर जवळपास थांबला. जखमेत काळे-पिवळे सडके मांस असेल तर डॉक्टर थोडे दिवस युसॉल सांगतील. लाल, स्वच्छ जखमेत त्याचे काम नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत टाकले की फेस येतो आणि पाहणाऱ्याला वाटते घाण निघाली. फेस म्हणजे ऑक्सिजन वायूचे बुडबुडे. ते कोवळ्या पेशींनाही जाळते. अरुंद तोंडाच्या पोकळीत दाबाने सोडले तर तो वायू रक्तवाहिनीत शिरण्याचा धोका असतो. घरी गळवाच्या भोकात पेरॉक्साइड सोडायचे नाही, हे पक्के लक्षात ठेवा.

समुद्री शेवाळाची पट्टी

अल्जिनेट नावाची पट्टी समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पदार्थाची करतात. दिसायला कापसासारखी. आत गेल्यावर पाणी शोषून तिची मऊ जेली होते, त्यामुळे ती चिकटत नाही. तिच्यातले कॅल्शियम रक्त गोठायला थोडी मदत करते. पू आणि पाणी भरपूर येत असेल तिथे ती चांगली. कोरड्या जखमेत घातली तर उलट वाळून बसते. गॉजपेक्षा बरीच महाग.

चांदीची पट्टी

खासगी रुग्णालयात हल्ली "सिल्व्हर ड्रेसिंग" हा शब्द ऐकू येतो. ही हायड्रोफायबरची पट्टी असते, म्हणजे पाणी पिऊन जेलीसारखा होणारा मऊ धागा, आणि त्यात जंतू मारणारे चांदीचे कण. ॲक्वासेल एजी हे त्यातले एक प्रसिद्ध नाव.

या पट्टीची आणि आयोडोफॉर्म गॉजची थेट तुलना अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात झाली आणि २०१३ साली प्रसिद्ध झाली. गळू फोडल्यावर कोणाला कोणती पट्टी भरायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. चांदीची पट्टी भरलेल्यांच्या जखमा लवकर आकसल्या आणि त्यांना दुखलेही कमी. हा फायदा खरा आहे. पण तुलना चिकटणाऱ्या गॉजशी होती, हे लक्षात घ्यावे. "काहीच न भरणे" हा तिसरा गट त्यात नव्हता. शिवाय फायदा चांदीमुळे झाला की न चिकटणाऱ्या मऊ धाग्यामुळे, हे अशा तुलनेतून वेगळे काढता येत नाही.

एका पट्टीला शेकडो रुपये पडतात. ती दोन-तीन दिवस आत ठेवता येत असेल आणि तेवढ्या फेऱ्या वाचत असतील, तर तिचा विचार करता येतो. पण महागडी चांदीची पट्टी लावून रोज बदलत असतील, तर पैसे वाया जात आहेत असे समजा आणि कारण विचारा.

मध, बटाट्याची साल, केळीचे पान

स्वस्त ड्रेसिंगच्या शोधात महाराष्ट्रातल्या डॉक्टरांचे काम जगभर माहीत आहे. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या जखमांवर मध लावून अभ्यास केला. तो १९९१ साली ब्रिटनच्या शस्त्रक्रियेच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातले डॉ. केसवानी यांनी भाजलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे ड्रेसिंग बनवले, त्यावरचा लेख १९८५ चा. पुढे सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे ड्रेसिंग वापरले. ते न चिकटणारे, न दुखणारे आणि बटाट्याच्या सालीपेक्षाही स्वस्त ठरले. त्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला.

हे सांगण्याचे कारण असे की चांगले ड्रेसिंग महागच असले पाहिजे असे नाही. गरीब रुग्णाला परवडेल आणि काढताना दुखणार नाही, असे ड्रेसिंग शोधणे हेही विज्ञानाचेच काम आहे, आणि ते आपल्या सरकारी-धर्मादाय रुग्णालयांत झाले आहे.

पण एक सावधगिरी. हे तिन्ही अभ्यास भाजलेल्या, वरवरच्या जखमांवरचे आहेत. पाने आणि साली तिथे निर्जंतुक करून वापरल्या होत्या. गळवाची पोकळी खोल असते. त्यात घरचा मध, हळद, चुना, तंबाखूची राख किंवा कसलाही पाला भरू नका. मेडिकलमध्ये मिळणारा जखमेसाठीचा शुद्ध मध वेगळा, दुकानातला खाण्याचा मध वेगळा.

काहीच न भरता चालते का?

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. लहान गळवात बहुधा चालते.

अमेरिकेत २००९ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हाता-पायावर किंवा धडावर पाच सेंटीमीटरपर्यंतचे गळू असलेले ४८ रुग्ण होते. निम्म्यांच्या जवळपास लोकांना पट्टी भरली, बाकीच्यांना चिरा देऊन फक्त वरून कापड लावले. बरे होण्यात फरक दिसला नाही. पट्टी भरलेल्यांना मात्र जास्त दुखले आणि वेदनेच्या गोळ्याही जास्त लागल्या.

पुढे ब्रिटनमध्ये गुदद्वाराजवळच्या गळवांवर मोठा अभ्यास झाला. ४३३ रुग्ण, निकाल २०२२ साली प्रसिद्ध. शस्त्रक्रियेनंतर रोज पट्टी भरणे ही तिथे वर्षानुवर्षांची रीत होती. निकाल असा आला की पट्टी भरलेल्यांना वेदना जास्त झाल्या. पट्टी न भरल्याने गळू परत येण्याचे किंवा भगंदर होण्याचे प्रमाण वाढले नाही.

तिसरा मार्ग रबरी लूपचा. गळवाच्या दोन बाजूंना दोन लहान छिद्रे पाडतात, त्यातून मऊ सिलिकॉनची दोरी ओवतात आणि बाहेर सैल गाठ मारतात. तोंड मिटत नाही, पू वाहत राहतो आणि रोज पट्टी ओढायची गरज राहत नाही. पू थांबला की साधारण आठवडा-दहा दिवसांनी दोरी कापून काढतात. आपल्याकडे अनेक सर्जन निर्जंतुक हातमोज्याची पट्टी कापून असाच निचरा ठेवतात. साहित्य जवळजवळ फुकट. लूपवर झालेल्या अभ्यासांत तो पॅकिंगपेक्षा कमी ठरलेला नाही, आणि लहान मुलांना तर तो फार सोयीचा.

याचा अर्थ पॅकिंग नेहमीच चुकीचे, असा नाही. पोकळी मोठी आणि खोल असेल, रक्त थांबत नसेल, तोंड फार अरुंद असेल, मधुमेहामुळे मांस सडले असेल, तर पट्टी लागते. २००९ च्या अभ्यासात मधुमेह असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण घेतलेच नव्हते. त्यांच्याबाबत डॉक्टर वेगळा निर्णय घेतील.

आणखी एक फरक आपल्या वस्तीचा आहे. पट्टी न भरलेली जखम दिवसातून एक-दोनदा वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी लागते. ज्या घरी नळ तासभर येतो आणि बाकी वेळ पिंपातले पाणी वापरतात, तिथे धुणार कसे, याचा विचार घरी येण्याआधीच करायला हवा. गटारात उतरणारा सफाई कामगार, रेती-सिमेंटमध्ये काम करणारा नाका कामगार, दिवसभर भांडी-धुणी करणारी भगिनी, यांनी आपले काम काय ते डॉक्टरांना सांगितले पाहिजे. त्यावर ड्रेसिंग ठरते.

खर्चाचा खरा हिशेब

पट्टीची किंमत आणि ड्रेसिंगचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या गॉजचे काही रुपये. पण ते रोज बदलायचे म्हणजे रोज रिक्षा किंवा लोकल, ओपीडीची रांग, अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाची मजुरी. सोबत येणाऱ्याचाही दिवस गेला. असे सात-आठ दिवस झाले की स्वस्त पट्टी महाग पडते. उलट पट्टी न भरता, घरी धुऊन, दोन दिवसांनी आणि मग आठवड्याने दाखवायचे ठरले, तर खर्च कुठल्या कुठे खाली येतो.

आमच्याकडे आलेल्या एका कामगाराला एका खासगी दवाखान्यात सुपारीएवढ्या गळवासाठी दहा दिवस रोज पॅकिंग करायला सांगितले होते. प्रत्येक वेळी वेगळे पैसे. चौथ्या दिवशी पैसे संपले आणि तो आतल्या पट्टीसह घरी बसला. ड्रेसिंगची योजना रुग्णाला पेलणारी नसेल तर ती अर्ध्यावर सुटते. अर्धवट सुटलेले पॅकिंग हे सर्वांत वाईट, कारण आत राहिलेली पट्टी स्वतःच जंतूंचे घर होते.

चिरा घेतल्यावर घरी काय करावे

• ड्रेसिंगला निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास आधी डॉक्टरांनी सांगितलेली वेदनेची गोळी घ्या. नेमके दुखायच्या वेळी तिचा अंमल असतो.

• आत पट्टी असेल तर किती पट्ट्या भरल्या ते केस पेपरवर लिहून घ्या. काढताना तेवढ्याच निघाल्या का ते पाहा. पुढची तारीख चुकवू नका.

• पट्टी स्वतःहून बाहेर आली तर ती पुन्हा आत कोंबू नका. वरून स्वच्छ गॉज लावा आणि दाखवायला जा.

• पट्टी नसेल आणि डॉक्टरांनी धुवायला सांगितले असेल, तर नळाच्या स्वच्छ वाहत्या पाण्याखाली जखम धरा. साठवलेले किंवा टँकरचे पाणी असेल तर उकळून निववून घ्या. घरी सलाइन करायचे तर एक लिटर पाणी उकळून त्यात चहाचा सपाट दीड चमचा मीठ विरघळवा, झाकून ठेवा, रोज ताजे करा.

• आधी साबणाने हात धुवा. पुवाचे गॉज पिशवीत बांधून टाका. जखम असलेल्या माणसाचा टॉवेल, वस्तरा, बनियन दुसऱ्याने वापरू नये. एकाच घरात एकामागून एक करटे येतात ती अशीच.

• धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवत नसेल तर विचारा.

• मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणून खाऊ नका. डॉक्टरांनी दिलेला कोर्स असेल तर तो पूर्ण करा.

• गळू पिळू नका, सुईने फोडू नका. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातले तर अजिबात नाही, तिथला संसर्ग डोळ्यांमागच्या आणि मेंदूजवळच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जाऊ शकतो.

ही गळवे साधी समजू नका

ताप आणि थंडी, गळवाभोवती झपाट्याने पसरणारी लाली, वर चढत जाणारी लाल रेघ, दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेदना, कातडी काळी-निळी होणे किंवा पाण्याचे फोड येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा.

मानेवर, पाठीवर अनेक तोंडांची काळपुळी झाली किंवा गळवे पुन्हा पुन्हा येऊ लागली, तर रक्तातली साखर तपासून घ्या. अनेकांना आपला मधुमेह असाच कळतो. साखर ताब्यात नसेल तर चांदीची पट्टीही जखम भरू शकत नाही.

गुदद्वाराजवळचे गळू सर्जनकडेच न्यावे. स्तनातल्या गळवातही उशीर करू नये. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर दूध पाजणे थांबवायचे नसते, दूध तुंबले की त्रास वाढतो.

आणि थंड गळू. मानेत, काखेत, पाठीवर गाठ हळूहळू वाढते. ती तापत नाही, लाल होत नाही, फारशी दुखत नाही, पण आत पू असतो. हे क्षयाचे असू शकते. त्याला साधा चिरा देऊन पट्टी भरत बसले तर ती जखम महिने-महिने वाहते. अशा वेळी सुईने पू काढून क्षयाच्या तपासणीला पाठवायला सांगा. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी यंत्रणेत मोफत आहेत. महिनाभर ड्रेसिंग करूनही जखम भरत नसेल, तर पट्टी बदलण्याआधी हे निदान तपासले पाहिजे.

जायचे कुठे, विचारायचे काय?

ठाण्यात कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय, कल्याणमध्ये बाई रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीत शास्त्रीनगर रुग्णालय, आणि जवळच उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार नि:शुल्क आहेत. महापालिकेच्या रुग्णालयांचे नियम वेगळे, तरी शुल्क खासगीपेक्षा खूप कमी. चिरा मोठ्या रुग्णालयात झाला तरी पुढचे साधे ड्रेसिंग घराजवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आपला दवाखान्यात होईल का, हे विचारून घ्या. केस पेपरवर तशी सूचना लिहून मिळाली की काम सोपे होते.

चिऱ्यानंतर घरी निघण्याआधी हे पाच प्रश्न विचारा:

१. आत पट्टी भरली आहे का? किती, आणि कशाची?

२. या गळवात ती खरेच गरजेची आहे का? न भरता किंवा लूप ठेवून चालेल का?

३. ती कधी आणि कोण काढणार? त्यानंतर पुन्हा भरायची की नाही?

४. महागडी पट्टी असेल तर ती किती दिवस ठेवता येते? साध्या गॉजने काम होणार नाही का?

५. घरी धुवायचे कसे, आणि कामावर कधी जायचे?

शिकलेल्या पांढरपेशा रुग्णाने हे प्रश्न विचारले की डॉक्टर खुर्ची ओढून समजावतात. वस्तीतल्या माणसाने विचारले की कधी कधी ओरड ऐकावी लागते. तरीही विचारा. शरीर तुमचे आहे, बुडणारी मजुरी तुमची आहे, आणि आत काय भरले आहे हे जाणून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. एकट्याने विचारायला संकोच वाटत असेल तर सोबत वस्तीतल्या आशाताईंना किंवा लिहिता-वाचता येणाऱ्या कोणालाही न्या.

हे पान कापून घरातल्या केस पेपरच्या पिशवीत ठेवा. गळू ठणकायला लागल्यावर शोधाशोध नको. शेजारच्या घरात कोणी ड्रेसिंगला जायला टाळत असेल, तर त्यांना वाचून दाखवा आणि जमल्यास एक दिवस सोबत जा. ड्रेसिंग अर्ध्यावर न सुटणे हा निम्मा उपचार आहे.

जयभीम.